सृष्टी कधीपासून जेवत नव्हती?

शुक्रवार पेठ, सोलापूर
२२ जून २०२५

चंद्रिका,

तुझ्या भावाचा, गुरुशांतचा, हैदराबादहून फोन आला होता. म्हणाला, "ताई म्हणते, भावजींनी फोन करू नये. काय बोलायचं ते लिहून पाठवावं." मी विचारलं, का? बिचारा अडखळला. मग म्हणाला, "ती म्हणते, बोलण्यात तेच जिंकतात."

ठीक आहे, लिहितो. तू मला व्यासपीठावरून खाली उतरवलं आहेस. खाली उभा राहूनही मी तेच सांगणार आहे: तू चूक केलीस.

आपल्या अकरा वर्षांच्या मुलीच्या पोटात उजव्या बाजूला कळ उठली. ताप भरला. इथल्या सर्जननी सोनोग्राफी केली, त्यात अपेंडिक्स सुजलेलं स्पष्ट दिसलं. मी तिचे कपडे आणायला घरी आलो आणि परत जाऊन बघतो तर कॉट रिकामी. तू सही करून तिला हैदराबादच्या गाडीत बसवलं होतंस. सिस्टर म्हणाली, "सर, सलाइनची सुई पोरीच्या हातात तशीच ठेवून गेल्या मॅडम." वॉर्डातल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. हातातली पिशवी कुठे ठेवावी ते मला कळेना.

गुरुशांतकडून तू कळवतेस, डॉक्टरांना स्वतःलाच शंका होती. "शेजारचं आतडंही जाड दिसतंय, नुसतं अपेंडिक्स वाटत नाही, घाई न करता मोठ्या ठिकाणी दाखवा," असं ते म्हणाले आणि मी ते ऐकलं नाही. मी ऐकलं होतं. मला ते डळमळीत वाटलं. ज्याच्या हातात सुरी आहे त्याने डळमळू नये, असं माझं मत आहे आणि ते मी त्यांच्या तोंडावर सांगितलं. अपेंडिक्सचं शरीरात काही काम नाही. सुजलं की काढायचं. यात शंकेला जागा कुठे आहे?

हे मी आयुष्यभर सांगत आलो. तू पहिल्या रांगेत बसून ऐकलं आहेस. 'रूढी म्हणजे समाजाचं अपेंडिक्स. पणजोबांना त्याचा काही उपयोग झाला असेल, आपल्याला नाही. ते सुजतं, पिकतं, आणि आपण त्याला परंपरा म्हणून कुरवाळत बसतो. कापा आणि फेका.' या वाक्याला बार्शीपासून अक्कलकोटपर्यंत टाळी पडली नाही असं एकही गाव नाही. ज्या गोष्टीवर माझा इतका विश्वास, तिच्याविरुद्ध माझ्याच मुलीच्या बाबतीत मी कसा वागणार होतो?

तिला ताप आहे का अजून? एवढं तरी कळव.

घरात आवाज नाही. मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचतो. तुम्ही दोघी होतात तेव्हाही वाचायचो, पण तेव्हा कुणीतरी "हळू वाचा" म्हणायचं.

शिवयोगी


२९ जून २०२५

चंद्रिका,

तुझं कार्ड मिळालं. ताप उतरला हे वाचून मी खुर्चीत बसलो.

मग पुढचं वाचलं. 'डॉक्टर विचारतात, सृष्टी कधीपासून जेवत नव्हती? अपेंडिक्सच्या दुखण्याआधी तिला काय काय होत होतं? ती सांगत नाही. विचारलं की भिंतीकडे तोंड करते आणि म्हणते, अप्पांना माहीत आहे. मी वैरागला होते. घरी तुम्ही होता. लिहा.'

गुरुशांतने फोनवर बाकीचं समजावलं. मुलांच्या डॉक्टर आहेत, बाई आहेत, घाई करत नाहीत असं तो म्हणाला. त्यांचा संशय असा की, दुखणं अपेंडिक्सचं नाहीच, आतड्याचं आहे. शरीर स्वतःच्याच आतड्याला परकं समजून त्याच्यावर तुटून पडतं. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं त्या कोपऱ्यावरच अपेंडिक्स लटकलेलं असतं, त्यामुळे शेजारी पेटलं की तेही सुजतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हाच गुन्हेगार. अशा वेळी घाईने कापलं तर सुजलेल्या आतड्याची जखम भरत नाही, तिथून वाट फुटते. पण आतड्याचा क्षयही असाच दिसतो, आणि एकाचं औषध दुसऱ्याला घातक. म्हणून मागची सगळी हकिकत हवी. बरोबर?

मी त्यावर वाचलं. तू हसशील, पण परीक्षेच्या पोरासारखा बसून वाचलं. एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. अपेंडिक्स निकामी नाही. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशींचा तिथे मोठा तळ असतो. मुलांच्या आतड्याच्या या दुखण्यांत कधी कधी ठिणगी तिथेही दिसते. म्हणजे ज्याला मी इतकी वर्षं फेकून द्या म्हणत होतो, ते राखण करणाऱ्यांचं ठाणं निघालं. वाक्य चांगलं होतं. आता ते मला म्हणता येणार नाही, याचं वाईट वाटतं हे खरं आहे, लपवत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: थंडीत ती ठणठणीत होती. शाळा बुडवली नाही. किंचित बारीक झाली, पण या वयात मुली उंच होतात. अधूनमधून तोंड यायचं, म्हणून मी शेंगाचटणी बंद केली. बाकी तिचा बराच वेळ पूजेत जायचा, हे तुला माहीत आहेच. आपल्या घरात एवढी निष्ठा माझ्या आईनंतर मी पहिल्यांदा पाहिली. ज्या पिढीला आपण मोबाईलमध्ये बुडालेली म्हणतो, त्या पिढीतली एक मुलगी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन तासभर स्थिर राहते, ही साधी गोष्ट नाही. मंद्रूपच्या व्याख्यानानंतर लोकांनी जे केलं ते उगाच केलं नाही.

आणखी काही आठवलं तर लिहीन.

शिवयोगी


६ जुलै २०२५

चंद्रिका,

तुझं उत्तर नाही. गुरुशांत म्हणाला, "ताईने पत्र वाचलं, घडी घातली, काही बोलली नाही. डॉक्टर अजून विचारतायत."

आज रविवार. मी वैरागला तुझ्या आईकडे गेलो होतो. कशाला, ते मलाही नीट सांगता येणार नाही. बसमध्ये ठरवलं, त्यांच्या मांडीच्या हाडाची चौकशी करायला चाललो आहे.

त्या ओसरीवर काठी घेऊन बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "या जावईबापू. आज कुटं सभा न्हाय व्हय?"

"नाही. तुम्हाला बघायला आलो."

"बघा की. पाय हाय, काठी हाय. दोन मिळून एक धड चालतंय."

चहा झाला. मी विषय काढला. चंद्रिका कशी वागली, विज्ञान काय म्हणतं, आतड्याचे आजार पाश्चात्त्य देशांत किती आणि आपल्याकडे आता का वाढतायत, हे सगळं सांगितलं. आई ऐकत होत्या. मधेच गोठ्याकडे बघून म्हणाल्या, "बघा, म्हशीनं रवंथ थांबवलाय. तुमी बोलायला लागला की तिचं असंच हुतंय. दूध कमी देईल सांच्याला."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"पोरीनं काय इचारलंय तुमाला?" त्या म्हणाल्या. "चंद्रीनं. काय इचारलंय?"

"सृष्टी कधीपासून जेवत नव्हती."

"मग?"

"आई, त्याचं असं आहे की..."

"तसं न्हाय. कवापासनं?"

मी रिकामी कपबशी उचलून बाजूला ठेवली.

"लई सोपं इचारलंय की तिनं," त्या म्हणाल्या. "माज्यापायी ती हितं अडकली. दिवाळीला माजा पाय मोडला, पार शिमग्यापातूर तिला सोडलं न्हाय मी. न्हाय तर तिनंच बघितलं असतं. आता तिला तोंड न्हाय इचारायला, आन तुमाला तोंड हाय तर सांगंना झालाय." मग कानडीत पुटपुटल्या, "साकु", म्हणजे पुरे, आणि आत निघून गेल्या. मी ओसरीवर एकटा. शेजारची एक बाई डोकावून विचारून गेली, "भाषण हाय व्हय आज?"

परतीच्या बसमध्ये मी मनातल्या मनात तुला पत्र लिहीत होतो. चांगलं जमत होतं. प्रत्येक परिच्छेदाला शेवटचं वाक्य सापडत होतं. सोलापूरच्या वेशीवरचं बाळे गाव आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या अख्ख्या पत्रात सृष्टी कुठेही जेवत नव्हती आणि कुठेही उपाशी नव्हती. ती नुसती पूजा करत होती.

हे पत्र पाठवतो आहे, पण हे उत्तर नाही.

शिवयोगी


८ जुलै २०२५

चंद्रिका,

हे लिहून झालं की याचा फोटो काढून गुरुशांतला पाठवतो. पोस्टाची वाट बघू नको. पहिला भाग डॉक्टरांना वाचून दाखव.

सृष्टीचं जेवण दिवाळीनंतर कमी झालं. तू वैरागला गेलीस त्याच्या आसपास. आधी सकाळचं. एकदा म्हणाली, खाल्लं की पोटात मुरडा येतो आणि शाळेत वर्गातून पळावं लागतं. मी ओवा दिला आणि विसरलो. ती पुष्कळदा संडासला जायची, उशीर लावायची. मी बाहेरून ओरडायचो, पुस्तक घेऊन बसू नकोस. तोंडात फोड सारखे यायचे, एक बरा झाला की दुसरा. संक्रांतीला नवा फ्रॉक खांद्यावरून घसरत होता. संध्याकाळी कधी कधी अंग कोमट लागायचं. शाळेचा डबा परत यायचा तो कधी रिकामा, कधी भरलेला. रिकामा असला तरी तिने खाल्ला होता असं मला आता वाटत नाही.

कपडे मी मशीनला लावायचो. तिच्या चड्डीवर डाग असायचे, पिवळट, कधी लाल. मला वाटलं ती मोठी होते आहे, आणि हे आईने बोलायचं. तू आलीस की सांगू म्हटलं. तू आलीस तेव्हा सांगितलं नाही.

ती मांडी घालून बसत नव्हती. हे नीट सांग डॉक्टरांना. पाट दिला तर नको म्हणायची. घोंगडीची जाड घडी करून तिच्यावर गुडघे टेकून राहायची, टाचांवरसुद्धा टेकायची नाही. मी विचारलं, मांडी का घालत नाहीस? म्हणाली, असंच बरं वाटतं.

डॉक्टरांसाठी एवढंच. पुढचं तुझ्यासाठी.

आपल्याकडे लिंगपूजा झाल्याशिवाय अन्नाला हात लावायचा नाही, हे तिला माझ्या आईने दीक्षेच्या वेळी शिकवलं होतं. सृष्टीने त्यातून वाट काढली. सकाळी ती पूजेला बसायची आणि शाळेची रिक्षा दारात येईपर्यंत उठायची नाही. मी स्वयंपाकघरातून हाक मारायचो, "सृष्टी, खाऊन घे." ती आतून म्हणायची, "अप्पा, पूजा चालू आहे." यापुढे या घरात कोण काय बोलणार? मी दुसऱ्या कुठल्याही कारणावर वाद घातला असता आणि जिंकलो असतो. तिला ते माहीत होतं. म्हणून तिने असं कारण शोधलं, ज्याच्याशी मी वाद घालणार नाही.

मी दारात उभा राहून तिच्याकडे बघायचो. गुडघ्यांवर, पाठ ताठ, डाव्या तळहातावर लिंग, डोळे त्याच्यावर. ती दुखणं सोसत होती. मी ती तल्लीनता समजलो.

मंद्रूपच्या कार्यक्रमाला ती पहिल्या रांगेत होती. बसली नव्हती, खांबाला टेकून उभी होती. मी बोललो. 'निष्ठा कुणी शिकवावी लागत नाही. माझी अकरा वर्षांची मुलगी पूजा केल्याशिवाय घास घेत नाही. मांडी घालून बसायचं सुखसुद्धा नाकारते, गुडघ्यांवर येते.' तिच्याकडे हात केला. कार्यक्रम संपल्यावर बायका रांगेने आल्या आणि तिच्या पाया पडल्या. म्हाताऱ्या बायका. ती मागे सरकत खांबाला चिकटली. फोटो तुला पाठवला होता, तू 'छान' लिहिलं होतंस.

परत येताना जीपमध्ये तिने मला विचारलं, "अप्पा, आता मला रोज अशीच पूजा करावी लागेल का?"

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी मी ते सांगितलं. असं सांगितलं: 'परतताना माझी मुलगी म्हणाली, अप्पा, आता मी रोज अशीच पूजा करणार.' फार मोठी टाळी पडली.

तिचा प्रश्न मी काढून टाकला. तो तिने मला पुन्हा विचारला नाही. डॉक्टरांना ती 'अप्पांना माहीत आहे' म्हणते ते खोटं नाही. मला माहीत होतं. तिने खरं सांगितलं तर मी एवढ्या लोकांपुढे खोटा ठरतो, म्हणून ती भिंतीकडे तोंड करते आहे.

तिला सांग, अप्पांनी सगळं लिहून दिलंय, आता तुला काही लपवायचं कारण नाही. माझ्या शब्दांत नको, तुझ्या शब्दांत सांग.

शिवयोगी


२० जुलै २०२५

चंद्रिका,

तुझं पत्र आलं. पहिल्यांदा कार्ड नाही, पत्र. मी ते सगळं वाचलं आणि वाचून दाखवायला समोर कुणी नव्हतं, हे बरं झालं.

तू लिहिलं आहेस की डॉक्टरांनी 'मांडी घालत नव्हती' हे वाक्य ऐकून हातातलं पेन खाली ठेवलं. मग सृष्टीजवळ जाऊन बसल्या, आणि तू तिला सांगितलंस, अप्पांनी लिहिलंय. ती तुझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पूजेचंपण?" तू म्हणालीस, पूजेचंपण. मग तिने त्यांना तपासू दिलं. बसायच्या जागी आत जखम, तिथून बाजूला फुटत चाललेली एक बारीक वाट. इतके महिने. शाळेच्या बाकावर, रिक्षात, त्या जीपमध्ये.

त्या जखमेमुळेच संशयाचा काटा क्षयावरून क्रोन्सकडे, म्हणजे शरीरच आतड्यावर तुटून पडतं त्या आजाराकडे, झुकला, आणि दुर्बिणीने आत बघून घेतलेल्या तुकड्यांनी ते पक्कं झालं, असं तू लिहितेस. अपेंडिक्सला हात लावायचा नाही. तेही त्याच आगीत पोळलेलं आहे, आग शमली की तेही शमेल. हा आजार जाणार नाही, पण झोपवता येतो. निदान पुष्कळ वर्षं झोपवता येतो. तू हे ज्या साध्या शब्दांत लिहिलं आहेस तसं मला कधी लिहिता आलं नसतं.

आणि उपचार वाचून मी थबकलो. काही आठवडे अन्न बंद. भाकरी नाही, भात नाही, फक्त ते पावडरचं पेय, दिवसभर थोडं थोडं. आतड्याला विसावा. तू पुढे लिहिलं आहेस, 'हा उपवास नाही. हे औषध आहे. याला दुसरं कुठलंही नाव देऊ नका, आणि कुठेही बोलू नका.' ओळीखाली रेघ मारली आहेस. रेघ मारायची गरज होती, हे मला कबूल आहे. वाचता वाचता माझ्या डोक्यात भाषणाची एक सुरुवात तयार झाली होती.

काल मंद्रूपहून महादेवप्पा आले होते, श्रावणातल्या व्याख्यानाचं ठरवायला. तेच कार्यक्रम घेतात, गेल्या वेळी त्यांनीच माईक लावला होता. चहा घेता घेता म्हणाले, "सर, त्या पोरीची गोष्ट परत घ्याच की. पूजेची. बाया डोळं पुसत्यात. आमची मंडळी तर अजून सांगती सगळ्यास्नी."

मी म्हणालो, "ती गोष्ट मी आता सांगत नाही."

"का बरं? लई चालती की."

"ती आजारी होती, महादेवप्पा. तिला खाल्लं की दुखायचं, म्हणून ती पूजेतून उठत नव्हती."

ते कप हातात धरून बघत राहिले. "म्हंजे आमी आजारी पोरीच्या पाया पडलो व्हय?"

"हो."

"आन ती काय बोलली न्हाय."

"नाही."

मला किती गोष्टी सुचत होत्या तुला सांगू. त्या माणसाच्या तोंडाकडे बघून मी गप्प बसलो. शेवटी ते उठले. दारात म्हणाले, "मग बायांना काय सांगू?" मी म्हणालो, "हेच सांगा." ते म्हणाले, "सांगतो. व्याख्यानाचं मागनं बघू." ते आता मला बोलावतील असं वाटत नाही. मला वाटत होतं त्यापेक्षा हे जास्त लागलं.

सृष्टीला न विचारता त्यांना सांगितलं. तेवढं तिला सांग. तिला आवडलं नाही तर तेही मला कळव.

मी येऊ का, असं मी गुरुशांतकडून विचारलं होतं. तू लिहितेस, 'अजून नको. तुम्ही आलात की ती तुमच्यासाठी बरी असल्यासारखं वागेल.' हे वाचून मी बाहेर जाऊन आलो. टिळक चौकापर्यंत गेलो, परत आलो. तुझं म्हणणं खरं आहे. मी येणार नाही.

एकट्यापुरता स्वयंपाक करायला मला अजून जमत नाही. भाकरी जाड होते, एक उरते. काल ती गाईला घातली, आज मी पहिल्यांदाच मोजून पीठ घेतलं. शाळेत शिकवून आलो की आधी रेडिओ लावतो, मग बूट काढतो.

शिवयोगी


१७ ऑगस्ट २०२५

चंद्रिका,

आज दुपारी गुरुशांतच्या नंबरवरून फोन आला. मला वाटलं तोच असेल, म्हणून उचलल्या उचलल्या म्हणालो, "बोल रे, काय निरोप?"

"अप्पा, मी आहे."

मी रेडिओ बंद केला.

"मामाचा फोन घेतलाय. मम्मी खाली औषधं आणायला गेली आहे. मामा झोपलाय."

"हं."

"तुम्हाला माहीत आहे का, ते दूध व्हॅनिलाचं म्हणतात, पण खडू विरघळवल्यासारखं लागतं. मी नाक धरून पिते. मामी म्हणते, असं प्यायलं तर पोटात वारा जातो. तुम्ही गप्प का?"

"तू बोल."

"तुमच्याकडे कुणी आलंय का?"

"नाही. मी एकटाच आहे."

मग ती बोलत राहिली. समोरच्या इमारतीवर कबुतरं आहेत. मामाच्या मुलीने तिची वही भिजवली. डॉक्टर तेलुगूत ओरडतात आणि तिच्याशी हिंदीत गोड बोलतात. शाळा बुडते आहे, पण तिला गणिताची आठवण येत नाही. मी मधे मधे 'हं' म्हणत होतो. एकदा मला फार चांगलं काहीतरी सुचलं, ते मी गिळलं. ती थांबली.

"अप्पा, एक सांगू?"

"सांग."

"आज सकाळी मला भूक लागली. खरीखुरी. पोटात आवाज आला आणि दुखलं नाही."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता, तो ऐकू येत होता.

"ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मम्मीला मीच सांगणार आहे. तुम्ही सांगू नका. ती लगेच देवाला नमस्कार करते आणि रडते, मग मला कळत नाही काय करायचं. मी ठरवून सांगणार आहे, ती बसलेली असताना."

"बरं."

"आणि कुणालाच सांगू नका. महादेवप्पांना पण नाही."

"बरं."

"नुसतं बरं?"

"नुसतं बरं."

ती हसली. मग कुणीतरी जिन्यात आलं बहुतेक, कारण तिने फोन ठेवून दिला.

चंद्रिका, हे मी लिहून ठेवतो आहे, पण लगेच टाकत नाही. तिला वेळ हवा आहे. तू बसलेली असशील, ती येऊन सांगेल, आणि तू जे काही करशील ते करशील. त्यानंतरच हे तुझ्या हातात पडायला हवं. चार दिवस जाऊ देतो.

तोवर मी शाळेत जाईन, पेपर तपासीन, कुणी विचारलं तर मुलगी बरी आहे म्हणेन. संध्याकाळी इथे येऊन दार लावून बसेन. हे कुणालाही सांगणार नाही.

शिवयोगी